शहर दाखवायचे, पण कोणाला?

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलासमोर पाहुण्यांना घेऊन उभे राहिले की कोणीतरी ती गोष्ट सांगतोच. इमारत म्हणे उलटी बांधली गेली, समुद्राकडे हवे होते ते तोंड शहराकडे झाले, आणि हा घोटाळा पाहून वास्तुविशारदाने जीव दिला. गोष्ट झकास आहे, फक्त खरी नाही. हॉटेलाचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य १९०० साली मलेरियाने वारले, राहिलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरे केले आणि डिसेंबर १९०३ मध्ये हॉटेल सुरू झाले. मुख्य दार शहराकडे होते ते ठरवूनच. घोडागाड्या त्या बाजूने येणार आणि समुद्राचा वारा खोल्यांना मिळणार, असा त्यामागचा हिशेब सांगितला जातो. दंतकथेतला वास्तुविशारद मात्र बहुतेक वेळा गोरा साहेब असतो. म्हणजे अफवेने एक आत्महत्या तर घडवलीच, वर एका मराठी माणसाचे नावही पुसून टाकले.

शहराची ओळख पायी फिरून आणि ऐकून करून घेण्याची हौस गेल्या वीसपंचवीस वर्षांत महाराष्ट्रात चांगलीच वाढली आहे. मुंबई-पुण्यात रविवारी सकाळी टोप्या घातलेले, पाण्याच्या बाटल्या घेतलेले घोळके जुन्या इमारतींपुढे माना वर करून उभे दिसतात. ‘हेरिटेज वॉक’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे. अनेकांना ही रिकामटेकड्यांची करमणूक वाटते. पण कोणती इमारत टिकते आणि कोणती पडते, हे ज्या गोष्टींवर ठरते त्यांत शहराची माहिती कोण सांगतो आणि कोणाला सांगतो, हीही एक आहे. मुंबईने हे उशिरा आणि अर्धवट का होईना, अनुभवले. रत्नागिरीसारख्या गावात मात्र सांगण्यासारखे एवढे असूनही ते अजून पाहुण्यांपुरतेच सांगितले जाते.

यातला ऐकण्याचा भाग मराठी माणसाला नवा नाही. गोविंद नारायण माडगांवकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध केले, तेव्हा व्हिक्टोरिया टर्मिनस नव्हते आणि राजाबाई टॉवरही नव्हता. बाजार, देवळे, रस्ते, जाती, धंदे, सण असे शहर त्यांनी मराठी वाचकापुढे मांडले. मुंबई ही दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गोष्ट आहे, असे त्या पिढीला वाटत नव्हते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली, आणि गावोगावच्या व्याख्यानमाला तिच्या वळणाने निघाल्या. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय तर १८२८ चे. चांगला वक्ता आला तर सतरंजीवर मांडी घालून दोन तास ऐकणारा श्रोता इथे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आला. फक्त हे ऐकणे बंद सभागृहात झाले. वक्ता शिवकाळावर बोलला, ज्ञानेश्वरीवर बोलला, जागतिक राजकारणावरही बोलला. सभागृहाबाहेरच्या आळीतले घर कोणी, कधी आणि कशासाठी बांधले, याकडे क्वचितच वळला.

ऐकणारा माणूस जागेवर नेला की काय होते, याची उदाहरणे जगभर आहेत. न्यूयॉर्कचे पेनसिल्व्हेनिया स्थानक पाडायचे ठरले तेव्हा मोजक्या वास्तुविशारदांनी निदर्शने केली. शहराला हळहळ वाटली ती १९६३ मध्ये पाडकाम सुरू झाल्यावर, राडारोडा पाहून. त्या हळहळीतून १९६५ मध्ये तिथे वारसा जपण्याचा कायदा झाला. मुंबईत वारसा नियमावली १९९५ साली आली, आणि शहरातल्या वास्तू व परिसर यांना असे संरक्षण देणारी ती देशातली पहिलीच. पण नियमावली कागदावर असते. तिच्या आधारे भांडायला माणसे लागतात. ओव्हल मैदानाची दुर्दशा झाली होती तेव्हा आसपासचे रहिवासी न्यायालयात गेले आणि मैदान त्यांनी सांभाळले. पुढे त्याच मैदानाच्या एका अंगाच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या अंगाच्या आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत जावा, म्हणून रहिवाशांच्या संघटना आणि वास्तुतज्ज्ञ अनेक वर्षे खपले. २०१८ मध्ये युनेस्कोने तो मान्य केला. त्यात ९४ इमारती आहेत. ज्या घरात आपण राहतो त्या घराची गोलाई, त्यावरचे सूर्यकिरणांचे नक्षीकाम, जिन्याचा कठडा यांना जगाच्या इतिहासात जागा आहे, हे आधी त्या घरातल्या माणसांना कळावे लागले. ते कळवण्याचे काम व्याख्यानांनी, छायाचित्रांनी आणि फेऱ्यांनी केले.

मात्र या यशाला एक हद्द आहे. नकाशावर ती सहज आखता येते: कुलाब्यापासून बोरीबंदरापर्यंत आणि मरीन ड्राइव्हच्या कडेने. बऱ्याचशा फेऱ्या याच पट्ट्यात घुटमळतात, आणि त्यांतल्या कथेचे नायक गव्हर्नर, दानशूर शेठ आणि विलायती वास्तुविशारद असतात. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचे नाव सगळ्यांना पाठ होते. त्याने आखलेली महापालिकेची इमारत ज्याने प्रत्यक्ष उभी केली तो कंत्राटदार व्यंकू बाळाजी काळेवार कोणाला आठवत नाही. राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या जातीजमातींच्या मूर्ती आहेत, त्या घडवल्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. मनोऱ्याचा आराखडा करणारे सर गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आले नाहीत, तरी फेरीत त्यांचे नाव येते आणि मुकुंद रामचंद्रांचे राहून जाते.

आणि परळ, लालबाग, शिवडी, वरळी? कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली सूतगिरणी उभारली त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप कधी रीतसर संपलाच नाही. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले, काही चिमण्या शोभेला राहिल्या. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत एकेक खोली १६० चौरस फुटांची. वरळीत त्यांच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. गिरणगावातून फेऱ्या होतच नाहीत असे नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून ऐकून लिहिलेला गिरणगावाचा इतिहास २००४ मध्ये आला, आणि त्याच्यामुळे अशा फेऱ्यांना भक्कम आधारही मिळाला. तरी चाळीला वास्तू म्हणायला शहर अजून कचरते. सार्वजनिक गॅलरी, सामाईक नळ, जिन्याखालची खाट, चौकातला गणपती यांची रचना कोणी आखली आणि माणसांनी ती वापरताना कशी बदलली, हा वास्तुशास्त्राचाच विषय आहे. बोरीबंदराच्या घुमटाइतका तो देखणा नसेल. मुंबईतली कितीतरी अधिक माणसे त्यात राहिली.

ती माणसे आली कोठून? मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातून. हा जिल्हा तेव्हा आजच्यापेक्षा मोठा होता. सिंधुदुर्ग त्यातून वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. भाताचे तुटपुंजे शेत, खोताचा वाटा, पावसाळ्यानंतर रिकामे हात, म्हणून पोरगा बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचा आणि गावाच्या खोलीत राहायचा. एका गावच्या लोकांनी वर्गणीतून घेतलेली किंवा भाड्याने धरलेली ती खोली. भिंतीला ट्रंका, पाळीपाळीने झोपणारी माणसे, जेवायला खानावळ. मुंबईच्या गिरण्यांतल्या पगाराच्या मनिऑर्डरी रत्नागिरीच्या पोस्टात येऊन पडल्या, आणि त्या पैशांतून इकडे घरावर कौले चढली, देवळाचा सभामंडप झाला, शाळेला खोली मिळाली. म्हणजे मुंबईच्या इतिहासाचे अर्धे कागद रत्नागिरीच्या घरांत आहेत.

या देवाणघेवाणीचा सर्वांत ठळक पुरावा रत्नागिरी शहराच्या मध्यभागी उभा आहे. पतितपावन मंदिर १९३१ मध्ये खुले झाले. सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असावा, ही कल्पना तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांची. पैसा भागोजीशेठ कीर यांचा. भागोजीशेठ रत्नागिरीच्या गरीब भंडारी घरातले. मुंबईत जाऊन बांधकामाच्या धंद्यात नाव कमावले, शापूरजी पालनजींबरोबर कामे केली, आणि दादरची हिंदू स्मशानभूमीही त्यांच्याच दानातून झाली. आज पर्यटक मंदिरासमोर पाच मिनिटे थांबतो. त्याला सावरकरांचे नाव सांगितले जाते, क्वचित भागोजीशेठांचेही. पण मुंबईत इमारती बांधून मिळवलेला पैसा रत्नागिरीच्या एका सामाजिक वादात कसा ओतला गेला, इथल्या सनातन्यांनी काय हरकत घेतली, सहभोजनांना कोण आले आणि कोण आले नाही, हे सांगायला निदान अर्धा तास हवा. तो अर्धा तास कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेत नाही.

रत्नागिरी दाखवण्याची सध्याची पद्धत ‘पॉइंट’ मोजण्याची आहे. गणपतीपुळ्याहून निघालेली गाडी दुपारपर्यंत थिबा राजवाडा, टिळक जन्मस्थान, रत्नदुर्ग, मत्स्यालय उरकते आणि संध्याकाळी पावसला पोचते. यात वाहनचालकाचा दोष नाही. त्याला तेवढ्याचेच पैसे मिळतात आणि पाहुण्याला तेवढेच हवे असते.

थिबा राजवाडाच घ्या. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला, मद्रासमार्गे १८८६ मध्ये रत्नागिरीत आणला गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. तीस वर्षांपैकी या राजवाड्यात तो राहिला फक्त शेवटची सहा. इमारत पुरी झाली १९१० मध्ये. त्याआधीची चोवीस वर्षे इतर बंगल्यांत गेली. पाहुण्याला सांगतात ती गोष्ट माणकांची, दुःखी राजाची आणि सूर्यास्ताची. न सांगितलेली गोष्ट अधिक मोठी आहे. इंग्रजांनी दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला नेऊन ठेवला, आणि रंगूनच्या पलीकडच्या मंडालेचा राजा रत्नागिरीला. प्रत्येकाला अशा जागी टाकला जिथे त्याची भाषा समजणारे कोणी नाही. रत्नागिरी त्यांना सोयीची का वाटली? रेल्वे नव्हती, पावसाळ्यात समुद्र बंद झाला की मुंबईशी संबंध तुटायचा. हीच आडबाजू पुढे सावरकरांच्या स्थानबद्धतेलाही उपयोगी पडली. गावाचा भूगोल साम्राज्याने तुरुंगासारखा वापरला. राजाचे कुटुंब १९१९ मध्ये परत गेले, पण थोरल्या राजकन्येच्या लेकीचे पुढचे सगळे आयुष्य रत्नागिरीतच गेले, मराठी बोलत, साध्या माणसाशी संसार करून. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीचे दर्शन घ्यायला मुद्दाम आले, तेव्हा कितीतरी रत्नागिरीकरांनी ती समाधी पहिल्यांदा वर्तमानपत्रात पाहिली असेल.

राजवाडे नि मंदिरे बाजूला ठेवली तरी साधे घर वाचायला शिकवणे हेच अशा फेरीचे खरे काम आहे. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर लोक टिळकांसाठी पाहतात. ते घर म्हणूनही पाहावे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कठीण होत जातो. म्हणून साध्या हत्यारांनी चिरे काढता आले. तोच दगड सच्छिद्र, पाणी धरणारा. म्हणून जोते उंच, छपराची पाखे खाली उतरलेली, भोवती पडवी, आणि झड मारणाऱ्या बाजूला पावसाळ्यात झापांचा आडोसा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या गावाने शोधलेली ही उत्तरे. आधी नळ्याची कौले होती. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कारखाना काढल्यावर सपाट मंगलोरी कौले जहाजांनी वर आली आणि सगळ्या किनाऱ्याचे छप्पर बदलले. आज या घरांच्या जागी सिमेंटचा स्लॅब पडतो, दोनचार पावसाळ्यांत गळू लागतो, मग त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घातले जातात. म्हणजे उतरते छप्पर परत आलेच, फक्त दुप्पट खर्च करून. हे एकदा आळीतून फिरताना दाखवून दिले, तर घर बांधायला निघालेल्या माणसाला त्याचा उपयोग आहे.

सांगितल्याने फरक पडतो, याचे उत्तम उदाहरण रत्नागिरीच्याच सड्यांवर आहे. कातळावर कोरलेल्या आकृती गावकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होत्या. पांडवांनी काढल्या एवढे म्हणून ते गुरे पुढे हाकत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे सडे तुडवत राहिले. गावकऱ्यांशी, गुराख्यांशी बोलून एकेक जागा त्यांनी नोंदली, आणि मग तेवढ्यावर न थांबता शाळांत, ग्रामपंचायतींत, सभागृहांत बोलत राहिले. उक्षीच्या गावकऱ्यांनी आपल्या कातळावरच्या हत्तीभोवती स्वतः संरक्षण उभे केले. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांच्या नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. त्यांतल्या सात रत्नागिरी जिल्ह्यातल्या, एक सिंधुदुर्गातली, एक गोव्यातली. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा वाद पेटला तेव्हा विरोधकांच्या तोंडी कातळशिल्पांचा मुद्दा होता. प्रकल्प हवा की नको, यावर मतभेद असतील. पण त्याच्या दहा वर्षे आधी हा मुद्दा मांडायला तिथे कोणालाच सुचला नसता.

जे सड्यावर जमले ते शहरात का जमत नाही? एक अडचण खरी आहे. कातळ कोणाच्या राहत्या घराचा नसतो. आळीतले घर असते. सातबारावर दहा नावे, चार भाऊ मुंबईत, एक पुण्यात, एक अमेरिकेत, आणि कौले परतायला दरवर्षी खर्च कोणी करायचा यावर भाऊबंदकी. अशा घरासमोर वीस माणसे आणून ‘किती सुंदर’ म्हणणे हा मालकाच्या जखमेवर मीठ चोळण्याचा प्रकार होऊ शकतो. मुंबईतही वारसा यादीत नाव आले म्हणून दुरुस्ती अडली, अशी घरमालकांची तक्रार असते आणि ती निराधार नसते. फेरीने गळके छप्पर नीट होत नाही. त्यासाठी करात सवलत, दुरुस्तीला अनुदान, चिऱ्याचे आणि लाकडाचे काम जाणणाऱ्या गवंडी-सुतारांची यादी अशा गोष्टी नगरपरिषदेने करायच्या. मात्र नगरपरिषद हे कधी करील? मतदारांनी मागितले तर. आणि मतदार मागतील कधी? मालकाचे घर ही सगळ्या आळीची पुंजी आहे, हे त्यांना कळले तर. फेरीची उपयुक्तता इथपर्यंतच आहे, पण ही पहिली पायरी गाळून वर जाता येत नाही.

दुसरा आक्षेप अभिजनपणाचा. शहरी फेऱ्या महागड्या, इंग्रजाळलेल्या आणि छायाचित्रांपुरत्या होतात, हा आरोप बऱ्याच अंशी खरा. उपाय मात्र फेऱ्या थांबवण्याचा नाही. टोरांटोत २००७ मध्ये शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्ज यांच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या ‘जेन्स वॉक’मध्ये रहिवासीच रहिवाशांना आपला भाग दाखवतात, फुकट. आज जगातल्या अनेक शहरांत त्या निघतात. रत्नागिरीला तर टोरांटोकडे पाहण्याचीही गरज नाही. शिमग्यात ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी शहरातून फिरते, तिचा मार्ग ठरलेला, मानकरी ठरलेले, थांबे ठरलेले. कोणती वाडी जुनी, कोणाचा मान कुठे, गावाची सीम कोठे संपते, हे सारे त्या मार्गात नोंदलेले आहे. गावाने आपला इतिहास पायी फिरून जपण्याची रीत शतकानुशतके पाळली आहे. त्या वाटेवरच्या घरांबद्दल चार शब्द बोलणारा माणूस तेवढा जोडायचा आहे.

तो माणूस कोण असावा, याला मात्र महत्त्व आहे. तो पाठ केलेली साले म्हणणारा नसावा आणि अफवा रंगवणाराही नसावा. रत्नदुर्गाच्या भुयाराची किंवा थिबाच्या माणकांची गोष्ट त्याने जरूर सांगावी, पण ती दंतकथा आहे हेही तिथेच सांगावे. रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरचा १८८० चा खंड त्याने वाचलेला असावा. मांडवीच्या खलाशाशी, मिरकरवाड्यातल्या मासेमाराशी, चिरेखाणीतल्या कामगाराशी त्याचे बोलणे असावे. एकट्याला हे साधणार नाही. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयाचे इतिहासाचे विद्यार्थी, एखादा निवृत्त शिक्षक, एखादा गवंडी, एखादी वाड्यात सून म्हणून आलेली आजी, असे तीनचार जण मिळून एक फेरी घेऊ शकतात. आधी वाचनालयात तासाभराचे व्याख्यान, मग टिळक आळी, पतितपावन मंदिर, बाजारपेठ, मांडवीचा किनारा अशी चाल. दुसऱ्या दिवशी राजवाडा आणि समाधी. भाषा मराठी.

वेळ निवडायची ती चाकरमान्यांची. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात परळचा, डोंबिवलीचा, विरारचा रत्नागिरीकर सहकुटुंब गावी असतो. त्याच्या मुलांना मुंबईची वारसास्थळे कदाचित शाळेने दाखवलेली असतात. आजोबा ज्या धक्क्यावरून बोटीत चढले तो कोणी दाखवलेला नसतो. वाचनालय, महाविद्यालय आणि नगरपरिषद यांनी मिळून येत्या शिमग्यात पहिली फेरी काढावी. पंधरा माणसे आली तरी पुरेत. त्यांतली दहा रत्नागिरीचीच असावीत, एवढी एकच अट ठेवावी.